अयोध्याआत्या आणि भूमला गेलेली दीपी

आमच्या गावात अयोध्याआत्याला आत्या न म्हणणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे तिचा सख्खा भाऊ धुळाप्पा. बाकी लहानथोर, शाळेतले गुरुजी, एसटीचे कंडक्टर, सगळे तिला आत्याच म्हणतात. ती या गावची लेक. तिला दिलं होतं भूम गावी. नवरा लवकर गेला, मूलबाळ झालेलं नव्हतं, आणि ती माहेरी परत आली. धुळाप्पानं घराच्या कडेची एक खोली तिला दिली. तो शेरडंमेंढरं घेऊन माळावर जायचा आणि आत्या शाळेत पोरांची खिचडी शिजवायला लागली. अजूनही शिजवते.

खिचडीची शेड मैदानाच्या कडेलाच आहे. मैदान म्हणजे खो-खोचं. येरमाळ्यापासून फार लांब नाही आमचं गाव, पण येडाई देवीच्या यात्रेला येणारी माणसं आमच्या फाट्यावर कधी थांबत नाहीत. थांबायला इथं आहे तरी काय! जे काही नाव झालं ते आमच्या पोरींच्या खो-खोनं. पोरींना खेळ शिकवणाऱ्या आण्णासाहेबांनी तरुणपणी खो-खोचं मंडळ काढलं, स्वतः दगडं वेचून मैदान केलं, आणि घराघरांत जाऊन, कधी हात जोडून तर कधी भांडून, पोरी मागून आणल्या.

त्यांची स्वतःची पोरगी दीपमाला मात्र त्यांनी आणली नाही. ती आणली आत्यानं.

दीपमालाला म्हणजे आमच्या दीपीला खिचडीपेक्षा खिचडीची खरवड आवडायची. पातेल्याच्या बुडाला लागलेली ती करपट, खमंग खरवड. पाचवीतली असेल तेव्हा. बाकीची पोरं ताटल्या धुवायला गेली की ही शेडमध्ये घुसायची. आत्या उलथनं घेऊन आडवी उभी राहायची. पोरगी डावीकडं झुकल्यासारखी करायची, आत्या डावीकडं जायची, तोवर ही उजवीकडून पातेल्यापाशी. रोजचा खेळ. एक दिवस आत्यानं तिचा हात धरून तिला तशीच आण्णासाहेबांपुढं उभी केली.

"आण्णा, ही माझ्या हाताला घावत न्हाय. बघा तुमच्या पोरींना घावती का."

नाही घावली. ती मोठी झाली, मोठ्या पोरींनाही घावली नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्या पोरी मधल्या रेघेवर बसलेल्या असतात आणि पळणारीला त्यांच्यातून वाट काढत निसटायचं असतं. दीपी त्या बसलेल्या पोरींच्या मधून अशी जायची, जशी सुई कापडातून जाते. कळंब, तुळजापूर, सोलापूर, कुठं कुठं आमचे लोक टमटम करून तिचा खेळ बघायला जायचे. दुकानदार अमरसिंह तर दुकान बंद करून जायचा. माईक त्याच्याकडंच असायचा. "आपली दीपमाला," असं म्हणून तो 'आपली' शब्द एवढा लांबवायचा, की तेवढ्यात ती एक वळसा घालून यायची.

आत्याला खेळाचे नियम आजवर कळलेले नाहीत. गुण कुणाला मिळाला, डाव कुणाचा, काही नाही. पातेलं धुऊन पालथं घालायची, त्याच्यावर बसायची, आणि दीपीच्या पायांकडं बघत राहायची. सामन्याआधी पिशवीतला बिरोबाचा भंडारा चिमूटभर काढून तिच्या कपाळाला लावायची. एवढंच तिचं काम.

मग एका उन्हाळ्यात बातमी आली. आत्या अमरसिंहाच्या दुकानात मीठ आणायला गेली होती, मीही तिथंच होते.

"आत्या, ऐकलं का? तुमची दीपी फुटली."

आत्याच्या हातातली पिशवी खाली पडली. "आगं माय! कुठं फुटलं? डोकं का गुडघा? दवाखान्यात नेलं का न्हाय?"

दुकानातली पोरं हसायला लागली. अमरसिंह हसला नाही.

"तसं न्हाय ओ. भूमच्या संघात गेली. औंदा त्यांच्याकडून खेळणार. भूमकडून! आपल्याच उरावर."

आत्यानं पिशवी उचलली, झटकली. "मंग गेली म्हण की बाबा. फुटाया ती काय मडकं हाय?"

पण गावात तोच शब्द झाला. फुटली. पुढारी या पक्षातून त्या पक्षात गेला की वापरतात तो. भूमशी आमची चुरस जुनी. दुसऱ्या कुठल्या संघात गेली असती तर लोकांनी एवढं मनावर घेतलं नसतं. पोरांनी तिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून काढलं. फाट्यावर संघाचा मोठा फ्लेक्स होता, त्यात मधोमध दीपी. नवा फ्लेक्स कोण करणार? म्हणून अमरसिंहाच्या वाढदिवसाचा एक फोटो शिल्लक होता, तो तिच्या तोंडावर चिकटवला. झालं असं, की खाली खो-खोची चड्डी, हातात चषक आणि वर अमरसिंहाच्या मिशा. येणाऱ्याजाणाऱ्या एसटीतली माणसं बोटं दाखवून हसायची. अमरसिंहाची बायको त्याला म्हणाली, "आता पळा तुम्हीच." तरी त्यानं तो फोटो काढला नाही, एवढा राग.

राग कशाचा होता, ते आता कळतं. माणसं तिच्यावर जीव लावून बसली होती. आमच्याकडं नाव घेण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं, आणि तेही निघून गेलं.

आण्णासाहेब मात्र ओरडले नाहीत. त्यांनी दीपीला एवढंच सांगितलं, "जायचं तर जा. पर भूमचे कपडे घालून माझ्या उंबऱ्यात पाय ठिवू नगं." त्यांची बायको द्वारकाबाई, मी त्यांना वहिनी म्हणते, चुलीपुढं बसून हे ऐकत होत्या. त्यांची भाकरी उलटायची राहून गेली आणि घरभर करपल्याचा वास झाला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

जायच्या दिवशी दीपी शेडमध्ये आली. तिच्यासोबत फाट्यावर जायला कुणी नव्हतं.

"आत्या, आता मोठे सामने सगळे मॅटवर असतात. आपण मातीत खेळतो. मातीतला पाय मॅटवर घसरतो. भूमला मॅट आहे. माझी खेळायची दोन-चार वर्षं राहिलीत, तेवढ्यात एकदा तरी राज्याच्या संघात..."

"हितं माती हाय आन तिथं गादी, व्हय?"

"गादी नाही ओ, मॅट."

"तेच ते. जा. गुडघं फुटायचं न्हायती." आत्यानं तिला धपाटे बांधून दिले, भंडारा लावला, आणि एसटीपर्यंत तिची बॅग स्वतः नेली. गावानं ते पाहिलं. त्यानंतर बरेच दिवस आत्या दुकानात गेली की बोलणं थांबायचं.

येडाईची चैत्री यात्रा झाली की आमच्या गावची जत्रा असते आणि जत्रेत खो-खोचे सामने. भूमच्या संघाला आवतण दरवर्षीचंच, ते देवाच्या नावानं जातं, मोडता येत नाही. बाहेरून येणाऱ्या खेळाडूंना लॉज वगैरे आमच्याकडं कुठला? जुनी रीत आहे. गाडी वेशीत थांबते, पोरी खाली उतरतात, आणि गावकरी पुढं होऊन म्हणतात, "ही माझ्याकडं", "या दोघी आमच्याकडं". ज्याच्या घरी जी जाईल, ती त्या घरची पाहुणी. जेवण तिथं, निजणं तिथं. सामन्यात त्याच पाहुणीला हरवायला घरातली माणसं बोंबलतात, आणि रात्री तिलाच आग्रहानं वाढतात.

त्या वर्षी पोरांनी ठरवलं, दीपीला कुणी घ्यायचं नाही. वेशीतच उभी राहू दे. बापाचं घर बंदच होतं. अमरसिंह म्हणाला, "मारायचं न्हाय, बोलायचं न्हाय. निस्तं घ्यायचं न्हाय. कळू दे."

आत्याच्या कानावर हे आलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. मंगळवारी मला म्हणाली, "येरमाळ्याला येतीस का गं? लई दिवस झालं, आईचं तोंड बघितलं न्हाय." आम्ही दोघी गेलो. देवीपुढं आत्या डोळे मिटून बराच वेळ उभी होती. मागचे लोक ढकलायला लागले तरी हलेना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय मागितलंत, आत्या?"

"मागितलं न्हाय काय. सांगून आले."

काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. देवीला सांगितलेलं आपण विचारू नये.

जत्रेच्या दिवशी ऊन उतरल्यावर भूमची जीप वेशीत येऊन थांबली. निम्मं गाव गोळा झालेलं. अमरसिंह माईक घेऊन उभा. एकेक पोरगी उतरली, नाव सांगितलं गेलं, आणि माणसं पुढं झाली. "ही आमच्याकडं." "ती काळी बॅगवाली माझ्याकडं, मागच्या साली बी आमच्यातच हुती." पोरी हसत हसत ज्याच्या त्याच्या मागं निघाल्या. शेवटी एकटी दीपी राहिली. अंगावर भूमचा निळा टी-शर्ट, खांद्याला बॅग. आपल्याच गावाच्या वेशीत ती पाहुण्यासारखी उभी होती आणि कुणी तिच्याकडं बघत नव्हतं.

"अजून... एक खेळाडू हाय," अमरसिंह माईकवर म्हणाला. नाव त्याच्या तोंडून निघेना.

द्वारकावहिनी माझ्या शेजारी होत्या. त्यांनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं. आण्णासाहेब लांब मैदानात फक्कीनं रेघा मारत होते. मान वर केली नाही.

तेवढ्यात शेडमधून आत्या आली, हाताला पीठ तसंच. सरळ दीपीपुढं जाऊन उभी राहिली.

"कवा आलीस गं?"

"आत्ताच, आत्या."

"बरी हायेस ना? वाळलीस की. आन सासरची मंडळी कुठं गेली तुला एकटीला सोडून?"

एकदम हशा पिकला. कुणीतरी ओरडलं, "आत्या, लगीन कुठं झालंय तिचं? म्हातारपणी डोकं फिरलं का काय!"

आत्या वळली. ती चिडलेली नव्हती, खरंच कोड्यात पडल्यासारखी दिसत होती.

"झालं न्हाय? मंग ही भूमला गेली ती कशी? गावानं दिल्याबिगर गेली व्हय?"

"दिली कुणी? फुटली ती."

"अमरसिंह, तुझी बहीण कळंबला हाय. ती फुटली का रं?"

"आवं आत्या, ती सासरी गेलीय. ह्यो खेळ हाय."

"मला खेळातलं कळत न्हाय. मला एवढंच ठाव, की लेक मोठी झाली की तिला बरी जागा बघून दुसऱ्या गावी लावायची. रडायचं, पर लावायची. तुमी रडला का? मिशा चिकटिवल्या तिच्या तोंडाला."

माईक चालूच होता. आत्याचं सगळं बोलणं कर्ण्यातून जत्राभर गेलं. पाळण्यावाल्यानंसुद्धा पाळणा थांबवला. मिशांचं ऐकून पोरं खाली बघून हसायला लागली आणि अमरसिंहाचा हात आपोआप स्वतःच्या मिशांवर गेला.

आत्या आमच्याकडं बघून म्हणाली, "द्वारकावैनी, जत्रंला लेक आलीया आन वेशीत उभी हाय. भाकरीचा तुकडा आणा की."

वहिनींनी मैदानाकडं एकदा बघितलं. मग त्या जवळजवळ पळतच घरी गेल्या आणि भाकरीचा तुकडा नि तांब्याभर पाणी घेऊन आल्या. लेक माहेरी आली की वेशीत किंवा दारात असा तुकडा ओवाळून टाकायचा, पायावर पाणी घालायचं, मग ती आत येते. वहिनींनी तुकडा ओवाळला. पाणी पायावर कमी आणि बॅगेवर जास्त पडलं. दीपी आईच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती. मग बाकीच्या बायका पुढं झाल्या. कुणी हनुवटी धरली, कुणी बोटं मोडली. पुरुष मंडळी इकडं तिकडं बघत राहिली.

पण आण्णासाहेब आले नाहीत. त्यांचा शब्द तसाच होता. म्हणून दीपी आत्याच्या खोलीवर राहिली.

त्या दिवशी मी आत्याला भाकरीचं पीठ मळायला मदत करत होते. म्हटलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?"

ती परातीत बघत बोलली. "म्या भूमहून परत आले तवा पांढऱ्या कपाळानं त्याच वेशीत उभी हुते. लोक म्हणत हुते, असल्या बाईला तुकडा टाकीत न्हायती. माझ्या आईनं टाकला. न टाकती तर कुठं गेले आसते, सांग."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमचा आणि भूमचा सामना. आत्याची एक सवय आहे. आपल्या पोरी पळत असल्या की ती बघते, आणि आपल्या पोरी दुसऱ्यांच्या मागं लागल्या की पाठ करून बसते. पळणारीची तिला कीव येते. त्या दिवशी पळणारी दीपी होती आणि मागं लागलेल्या आमच्या पोरी. त्यातली हर्षाली तर दीपीनंच शिकवून तयार केलेली. आत्या पातेल्यावर पाठ करून बसली, परत वळली, परत पाठ केली. शेवटी आडवी बसली आणि एका डोळ्यानं बघायला लागली.

गावानं टाळ्या वाजवायच्या नाहीत असं ठरवलेलं. दीपी पळत होती आणि एवढी माणसं गप्प. नुसता पायांचा आवाज आणि पोरींचा 'खो'. हर्षालीनं तिला खांबापाशी कोंडलं. आता गेली असं वाटलं, आणि दीपी डावीकडं झुकल्यासारखं करून उजवीकडून निसटली.

"आणि आपली दीपमाला निसटली! बघा आपली दीपमा..."

अमरसिंहाचा आवाज माईकवर मधेच बंद पडला. तो खोकला. पण उशीर झाला होता. इतक्या वर्षांची सवय, एकदा तोंडातून निघालं की निघालं. पाराजवळची म्हातारी माणसं आधी ओरडली, मग पोरं, मग सगळं मैदान. हर्षालीलाही आणि दीपीलाही, एकाच दमात. कोण कुणाच्या बाजूनं ओरडतोय ते शेवटपर्यंत कळलं नाही.

सामना संपला तशी आत्यानं मला विचारलं, "कोण जिंकलं गं?"

"भूम, आत्या. थोडक्यात."

"भूम मंजी दीपीचं न्हवं?"

"हो."

"मंग बरं झालं." आणि लगेच उठली. "पर आपल्या पोरी रडत्यात बघ. चल, त्यांना आधी जेवाय घालू."

सामन्यानंतर आमचा संघ नेहमी आण्णासाहेबांच्या घरी जेवतो. ओसरीवर पोरी ताटं घेऊन बसल्या होत्या, पण कुणी घास घेत नव्हतं. हर्षाली तर भिंतीकडं तोंड करून बसलेली. मी नि आत्या वाढत होतो. आण्णासाहेब खुर्चीवर, हातात शिटी, तिची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडत.

दीपी आली आणि उंबऱ्याच्या बाहेरच थांबली. जीप निघायची होती, ती हर्षालीला भेटायला आली होती. अंगावर तोच निळा टी-शर्ट. ती आत येईना. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन थिजल्या. आत्या आमटीची पळी घेऊन तशीच उभी राहिली आणि या वेळी ती काही बोलली नाही. जे सांगायचं होतं ते तिनं येरमाळ्यात सांगून ठेवलं असावं.

आण्णासाहेबांनी वर बघितलं. पोरीकडं नाही, तिच्या टी-शर्टकडं. मग घसा खाकरला.

"ह्या हर्षालीचा खांबापाशी पाय कुठं चुकला, ते तिला सांग. माझं आयकत न्हाय ती."

दीपी जागची हलली नाही. "इथूनच सांगू, आण्णा?"

"हितनं काय दिसतंय तुला? आत ये की."

ती आत आली. जमिनीवर हर्षालीपुढं बसली, दोन वाट्या नि एक तांब्या मांडून खांब कुठं, पाय कुठं ते दाखवायला लागली. "तू माझ्या खांद्याकडं बघितलंस. खांदा खोटं बोलतो. कमरेकडं बघायचं." हर्षालीनं डोळे पुसले आणि वाटी उचलून म्हणाली, "म्हणजे मी असं यायला हवं होतं का, ताई?" बाकीच्या पोरी ताटं घेऊनच जवळ सरकल्या. आत्यानं न विचारता एक ताट दीपीपुढं ठेवलं, भाकरी कुस्करली आणि वर आमटी ओतली.

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. एकदा, मग परत लांबलचक. दीपी घास हातात धरून अर्धवट उठली.

आण्णासाहेब खुर्चीवरून उठले, अंगणात गेले, आणि भूमच्या ड्रायव्हरला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "थांबा जरा. लेक जेवतीया."